जोडीदाराच्या भेटीचा हक्क

परदेशी नागरिकाशी विवाह करणाऱ्याने आपल्या जोडीदारासाठी प्रवेशाचा हक्क मागू नये, कारण व्हिसा ही राज्यसंस्थेची मेहेरबानी असते आणि ज्यांना एकत्र राहायचे आहे त्यांनी दुसऱ्या देशात संसार थाटावा, हा युक्तिवाद आज अमेरिकेत आणि भारतात सारख्याच आत्मविश्वासाने केला जातो. २१ जून २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मुन्योझ खटल्यात, परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा असा मूलभूत हक्क नागरिकाला नाही, असा बहुमताने निर्णय दिल्यापासून या युक्तिवादाला न्यायालयीन वजनही आले आहे. तरीही तो सदोष आहे. देशात कायम राहण्याची मागणी आणि काही आठवडे भेटीला येण्याची मागणी या दोन निराळ्या मागण्या असून, पहिलीविरुद्ध दिलेली कारणे दुसरीविरुद्ध वापरणे हा त्याचा मुख्य दोष होय.

हा दोष प्रत्यक्षात काय करतो, हे लातूर किंवा नांदेडमध्ये शिकून अमेरिकेत नोकरीला गेलेल्या अभियंत्यांच्या कुटुंबांना चांगले ठाऊक आहे. एच-१बी या तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर गेलेला मनुष्य विवाहानंतर पत्नीला एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर नेऊ शकतो; मात्र त्याला ग्रीन कार्ड, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, मिळाला आणि त्यानंतर त्याने विवाह केला, तर ही वाट बंद होते. मग पत्नीचे नाव कायम रहिवाशांच्या जोडीदारांसाठी असलेल्या, वार्षिक मर्यादा घातलेल्या प्रतीक्षायादीत जाते आणि तिथे वर्षे लागू शकतात. तात्पुरता असताना असलेला हक्क कायमचा झाल्यावर माणूस गमावतो, अशी ही रचना आहे. अमेरिकी संसदेला हा अन्याय दिसला नव्हता असे नाही, कारण डिसेंबर २००० मध्ये तिने यादीत तीन वर्षे अडकलेल्या जोडीदारांसाठी व्ही नावाचा स्वतंत्र व्हिसा निर्माण केला; परंतु कायदा होण्याच्या दिवसापर्यंत दाखल झालेल्या अर्जांपुरताच तो असल्यामुळे पुढच्या जोडप्यांना त्याचा काही उपयोग झाला नाही.

उरतो तो साध्या भेटीचा व्हिसा. तो मागणाऱ्याकडे अमेरिकी कायद्याचे २१४(ब) हे कलम, तो कायमचा राहायलाच निघाला आहे, असे गृहीत धरून पाहते आणि हे गृहीतक खोडून काढण्याची जबाबदारी अर्जदारावर टाकते. मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीत मुलाखतीला बसलेल्या पत्नीने पतीला भेटायला जायचे आहे असे खरे सांगितले, तर तेच सत्य तिच्याविरुद्धचा पुरावा ठरते. कायम वास्तव्याच्या अर्जात तिला विवाह खरा असल्याचे सिद्ध करावे लागते, तर भेटीच्या अर्जात या विवाहापेक्षा अधिक बळकट काहीतरी तिला गावाकडे परत ओढून आणील हे पटवून द्यावे लागते. विवाह नोंदणीचा एकच दाखला एका टेबलावर आधार आणि दुसऱ्या टेबलावर आरोप ठरत असेल, तर त्या व्यवस्थेला सावध म्हणता येणार नाही. तिला अन्याय्य म्हणावे लागेल. नकार मिळाला तर त्यावर अपीलही नाही. अमेरिका यात एकटी नाही: ब्रिटनमध्ये कुटुंबीयांच्या भेटीच्या व्हिसासाठी २००० साली अपिलाचा हक्क मिळाला होता, तो २५ जून २०१३ पासून काढून घेण्यात आला.

या प्रश्नावर राजकीय तत्त्वज्ञांपैकी कारेन्स यांची खुल्या सीमांची भूमिका किंवा वॉल्झर यांची सदस्यत्व ठरवण्याच्या सामुदायिक अधिकाराची भूमिका नेहमी पुढे केली जाते. त्या दोन्ही मुख्यतः राहण्याच्या हक्काविषयी आहेत. भेटीचा विचार मुळापासून केला तो इमॅन्युएल कान्टने, १७९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘शाश्वत शांतता’ या निबंधात. पृथ्वी गोल आहे, तिच्या पृष्ठभागावर माणसे अमर्याद पांगू शकत नाहीत, म्हणून त्यांना अखेर एकमेकांचे सान्निध्य सोसावेच लागते आणि मुळात कोणत्याही जागेवर कोणाचा दुसऱ्यापेक्षा अधिक हक्क नसतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. त्यातून तो परक्याचा एक मर्यादित हक्क काढतो: परक्याला वस्ती करण्याचा हक्क नाही, त्यासाठी यजमानाशी खास करार लागेल, पण भेटीला येण्याचा आणि शांतपणे वागत असेतोवर शत्रू मानले न जाण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. त्याला परतवून लावता येते, मात्र त्यामुळे त्याचा नाश ओढवणार नसेल तरच.

व्हिसा अधिकाऱ्यांचे समर्थक या शेवटच्या वाक्याचा आधार घेतात आणि वरवर पाहता तो त्यांना मिळतोही. परंतु कान्टने हा हक्क इतका आखूड का ठेवला, याचे कारण त्याच निबंधात आहे. व्यापारी वखारींच्या निमित्ताने युरोपीय सत्तांनी हिंदुस्थानात फौजा आणल्या आणि स्थानिकांना चिरडले, याचा तो कठोर निषेध करतो आणि अशा पाहुण्यांचा अनुभव आलेल्या चीन व जपान यांनी दरवाजे आवळले हे शहाणपणाचे मानतो. नांदेड-लातूरच्या वाचकाला हे दूरचे वाटू नये. ज्या वर्षी हा निबंध निघाला त्याच वर्षीच्या मार्चमध्ये खर्ड्याला मराठ्यांकडून पराभूत झालेल्या निजामाने १७९८ मध्ये तैनाती फौजेचा करार केला आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणी स्वतःच्या राज्यात कायमच्या ठेवून घेतल्या. म्हणजे कान्टची मर्यादा बलाढ्य पाहुण्यापासून दुबळ्या यजमानाचे रक्षण करण्यासाठी होती. आज बलाढ्य यजमान तीच मर्यादा एकट्या, निःशस्त्र, परतीचे तिकीट घेऊन आलेल्या स्त्रीविरुद्ध वापरतो. याला कान्टचा आधार सांगणे म्हणजे त्याचा हेतू उलटा करणे आहे.

तथापि कान्टवर सारा भार टाकणेही पुरेसे नाही आणि येथे विवेचनाची दिशा बदलावी लागते. कान्टचा पाहुणा परका आहे. जोडीदार परका नसतो. त्याच्या येण्यात निम्मा हक्क येथे राहणाऱ्याचा असतो आणि वस्तीसाठी कान्टला अपेक्षित असलेला खास करार विवाहाच्या रूपाने एका बाजूने तरी झालेला असतो. म्हणून नकाराचा विचार परक्यावरील निर्बंध म्हणून न करता स्वतःच्या रहिवाशावर लादलेला वियोग म्हणून करायला हवा आणि त्याचे समर्थन करण्याची जबाबदारी राज्यसंस्थेवर असायला हवी. भेटीला आलेले काही जोडीदार मुदत संपल्यावर परत जात नाहीत, हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकू नये. पण त्याचा उपाय अमेरिकी कायद्यातच आहे: १९९६ पासून १८० दिवसांहून अधिक काळ बेकायदा राहून देश सोडणाऱ्यास तीन वर्षे आणि एक वर्ष वा अधिक राहणाऱ्यास दहा वर्षे पुन्हा प्रवेश नाकारता येतो. गुन्ह्याला इतकी जबर शिक्षा उपलब्ध असताना, गुन्हा घडण्याआधीच तो गृहीत धरून प्रामाणिक जोडप्याला शिक्षा देण्याचे कारण उरत नाही.

परदेशी वकिलातीकडून न्याय मागणाऱ्या मराठवाड्याने हाच निकष आपल्या देशालाही लावला पाहिजे. मराठवाडा ज्याचा भाग होता त्या हैदराबाद संस्थानात १९१९ पासून सरकारी नोकरीसाठी मुलकी, म्हणजे संस्थानचा रहिवासी, कोण हे ठरवणारे नियम होते. बाहेरून आलेल्याला पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट होती, पण मुलकी पुरुषाच्या पत्नीला ती नव्हती. पतीला मात्र अशी सवलत नव्हती आणि स्वतंत्र भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानेही विवाहाच्या आधारे नोंदणीची तरतूद प्रथम फक्त स्त्रियांसाठी ठेवली. पुरुष जोडीदारांना ती १९८६ च्या दुरुस्तीने मिळाली. आज सात वर्षांच्या वास्तव्यानंतर या आधारे नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो, तर नोंदणीकृत विवाहाला दोन वर्षे झाल्यावर परदेशस्थ भारतीय नागरिकाचे, म्हणजे ओसीआय, कार्ड मागता येते. पाकिस्तान व बांगलादेशाचे नागरिक या कार्डातून वगळलेले आहेत.

ही तरतूद शांततेच्या काळासाठी ठीक आहे, परंतु कसोटी संकटाच्या काळात लागते. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे ओसीआय कार्डावरील प्रवेशही थांबला. २२ मे रोजी केंद्राने ज्या मोजक्या गटांना वाट मोकळी केली त्यांत ओसीआय कार्डधारक आणि भारतीय नागरिक अशा, भारतात कायम वास्तव्य असलेल्या जोडप्यांचा समावेश केला, म्हणजे सीमा बंद असतानाही वैवाहिक नाते वेगळे काढता येते हे सरकारनेच मान्य केले. सप्टेंबर २०२३ मध्ये कॅनडाच्या नागरिकांचे व्हिसा थांबले तेव्हा आणि पहलगामच्या हत्याकांडानंतर एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले तेव्हा मात्र हे भान सुटले. दीर्घ मुदतीचा व्हिसा हाती असलेल्या पत्नींना राहता आले, पण भेटीच्या व्हिसावर येऊन दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठीच्या अर्जाच्या निकालाची वाट पाहणाऱ्यांना २७ एप्रिलची मुदत लागू झाली. पहलगामच्या मारेकऱ्यांना शिक्षा झालीच पाहिजे. भारतीय नवऱ्याच्या घरी राहणारी पत्नी त्यांच्या अपराधाची भागीदार नाही.

१ सप्टेंबर २०२५ पासून परकीय नागरिकांविषयीचे जुने कायदे जाऊन नवा इमिग्रेशन आणि परकीय नागरिक कायदा लागू झाला आहे. त्याखालील नियमांत जोडीदाराच्या भेटीच्या अर्जावर निश्चित मुदतीत निर्णय, नकार दिल्यास लेखी कारण आणि त्याविरुद्ध अपील या तीन गोष्टी केंद्रीय गृहमंत्रालयाने घालाव्यात आणि नांदेड व लातूरच्या खासदारांनी ही मागणी संसदेत मांडावी.