शाबीत कुणी करायचं?

ज्याच्या हातात यादी, शाबितीचं ओझंही त्याच्याच डोक्यावर पाहिजे. माझं म्हणणं एवढंच.

वागळे इस्टेट घ्या, नाहीतर डोंबिवली एमआयडीसी. समजा, पॉवर प्रेसखाली दोन बोटं गेलेला, वीस वर्षं नोकरी झालेला कामगार आहे. मालक म्हणतो, धंदा मंदा, माणसं जादा. यादी लागते, त्यात ह्याचं नाव. त्याच कामावर तीन वर्षांपूर्वी लागलेला धडधाकट पोरगा मात्र राहतो. हा विचारतो, मीच का? उत्तर येतं, बोटांमुळं काढलं हे तू शाबीत कर. आता मस्टर मालकाच्या कपाटात, कामाचा हिशेब मालकाच्या कपाटात. ह्याच्याकडं काय? आठ बोटं.

कायदा एका जागी सरळ बोलला. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कपातीचा नियम होता : शेवटी आला तो आधी जाईल, क्रम मोडायचा तर मालकानं कारण नोंदवावं. २०२० च्या संहितेतही तो राहिला. पण २००२ साली हदीमनी खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं, वर्षात २४० दिवस भरल्याचा पुरावा कामगारानंच आणावा. आणि नोकरीत अपंग झालेल्याला काढू नका, त्याच पगारावर दुसरं काम द्या, असं १९९५ चा अपंगांचा कायदा म्हणत होता आणि २०१६ चा म्हणतो, ते सरकारी नोकरीपुरतं. खाजगी शेडातला माणूस उंबऱ्याबाहेर.

हा उंबरा आपल्या ओळखीचा आहे. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, तो म्हणे आपल्या थुंकीनं बाटतो. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. बाटतो म्हणणाऱ्याला पुरावा कुणी मागत नव्हतं. माणूस असल्याचा पुरावा आपण द्यायचा. आज थुंकीच्या जागी बोटं आली, रीत तीच.

मालक म्हणेल, मी काय धर्मादाय उघडलाय? नाही, आणि दान कुणी मागितलंय? त्यानं सांगावं, कुठल्या मशीनवरचं कुठलं काम ह्या हातानं होत नाही, आणि दुसरं कुठलं देऊन पाहिलं. ते खरं असेल तर कागदावर दिसेल. कागद त्याच्याचकडं आहेत.

म्हणून दोस्तहो, यादी लागली की हातापाया पडू नका. सिनिऑरिटीची यादी मागा, कारण लेखी मागा. गेलेली बोटं दाखवत फिरायचं आपण, आणि कपाट बंद ठेवायचं त्यानं, ह्याला न्याय म्हणत नाहीत.