निष्काम कर्म कोणाचे?

देवाची पालखी मंदिराबाहेर पडली की भाविकांची दृष्टी साहजिकच देवाच्या मुखाकडे जाते, आणि ती तिकडेच जावी. ज्यांच्या खांद्यांवर ती पालखी असते त्यांची मुखे मात्र फारशी कोणास आठवत नाहीत. मिरवणूक संपते, आरती होते, प्रसाद वाटला जातो, आणि खांद्यावरचा वळ चोळीत तो मनुष्य गर्दीत मिसळून जातो. त्याला त्याची खंत नसते, कारण ती सेवा त्याने आपण होऊन पत्करलेली असते. आमच्या मनात काही दिवस घोळत असलेला प्रश्न याच्या लगतचा, पण याहून अवघड आहे. जो भार मनुष्याने स्वतः मागून घेतला नाही, तर जो वाहण्यासाठी इतरांनी त्याला निवडले, पोसले आणि घडविले, त्या भाराचे ऋण कोणावर?

या विचाराला निमित्त झाले ते आमच्याकडे आलेल्या एका अशिलाचे. खानापूर तालुक्यातील घाटालगतच्या एका खेड्यातला हा शेतकरी. त्याचा मुलगा पंधराव्या वर्षीच अंगाने थोराड दिसू लागला. गावच्या जत्रेत कुस्त्यांच्या मैदानावर तो एका वस्तादाच्या नजरेत भरला, आणि घरच्यांनी मोठ्या आनंदाने त्याला दूरच्या एका तालमीत धाडले. चार वर्षे घरचे तूप, बदाम आणि तांदूळ त्याच्या खुराकासाठी जात राहिले. चार वर्षांनी मुलगा परत आला तो उजव्या गुडघ्यातून कायमचा अधू होऊन. आम्हांस वाटले, हा बाप नुकसानभरपाईचा दावा लावण्यासाठी आला असावा. परंतु तो म्हणाला, "पैशाचं असू दे, वकीलसाहेब. माझा पोरगा तिथं कोण होता, तेवढं कायद्यात बघून सांगा."

आम्ही पुस्तके चाळली. मुलगा नोकर नव्हता, कारण त्याला वेतन नव्हते. तो विद्यार्थी नव्हता, कारण त्याचे नाव कोणत्याही पटावर नव्हते. भागीदार म्हणावे, तर इनामात त्याचा वाटा नव्हता. पाहुणा म्हणावे, तर पाहुण्याकडून कोणी रोज पहाटे अंगमेहनत करून घेत नाही. मग तो होता तरी कोण?

तालमीच्या भाषेत तो सरावाचा जोडीदार होता. ज्या पैलवानाला मैदान मारावयाचे असते त्याला रोज झुंजावयास कोणीतरी लागतो, आणि तो शक्यतो वजनाने आपल्याहून भारी लागतो. त्याच्या मानेवर हा पैलवान आपला कस घालतो, त्याच्यावर डाव घोटून घेतो, त्याला उचलून आपटून आपल्या कमरेची ताकद अजमावतो. तांबड्या मातीत शंभर वेळा पडून शंभर वेळा उठणे हेच त्या जोडीदाराचे काम. पुढे जत्रेत हलगी कडाडते ती दुसऱ्यासाठी, आणि फेटा बांधला जातो तोही दुसऱ्याच्या मस्तकावर. आमच्या अशिलाच्या मुलाला वस्तादाने निवडले होते ते याच कामासाठी. अंग थोर, पण चपळाई बेताची, हे वस्तादाने पहिल्याच दिवशी ओळखले होते. मुलाला मात्र ते कोणी सांगितले नव्हते. आपण उद्याचे मोठे पैलवान आहोत अशा समजुतीत तो चार वर्षे माती अंगाला लावीत राहिला.

हे केवळ आपल्याच मातीत घडते असे नाही. अमेरिकेत महाविद्यालयांमधून फुटबॉल या नावाचा जो खेळ खेळला जातो तो आपल्या ओळखीचा पायाने खेळावयाचा चेंडू नव्हे. तो चेंडू हाती धरून धावावयाचा धसमुसळा खेळ आहे. एका बाजूस अकरा गडी. त्यांपैकी पाच जण चेंडूच्या रेषेवर ओळीने उभे राहतात, आणि समोरून धावून येणाऱ्यांना अंगावर झेलून मागच्या गड्याला चेंडू फेकण्यास किंवा पळण्यास अवकाश करून देतात. खेळाचे नियमच असे आहेत की, पुढे फेकलेला चेंडू झेलण्याचा अधिकार सामान्यतः या पाच जणांना नाही. पळणारा किती वार गेला, फेकणाऱ्याने किती फेकी साधल्या, याची नोंद वर्तमानपत्रांत सविस्तर छापून येते. या पाचांच्या नावापुढे लिहावयास सहसा काही नसते.

तथापि त्यांच्यावाचून एकही पाऊल पुढे पडत नाही हे प्रशिक्षकांना पुरेपूर ठाऊक असते. म्हणून हे प्रशिक्षक शाळाशाळांतून हिंडून थोराड हाडाची, लांब हातांची मुले हेरतात. निवडलेल्या मुलाला कित्येकदा पहिले वर्षभर सामन्यात उतरवीतच नाहीत. खाणे, वजने उचलणे आणि पवित्रे घोटणे एवढाच त्याचा दिनक्रम. वजन तीनशे पौंडांच्या, म्हणजे सुमारे १३६ किलोंच्या घरात गेले की तो तयार झाला. वाचकांनी नावे बदलून पाहावीत. आपला वस्ताद, आपला खुराक आणि आपला जोडीदार तेथे जसेच्या तसे भेटतील.

या घडवणुकीची किंमत शरीर मोजते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अभ्यासात, महाविद्यालयापर्यंत हा खेळ खेळून पुढे मृत्यू पावलेल्या ५३ जणांचे मेंदू तपासले गेले, तेव्हा ४८ मेंदूंत वारंवार बसलेल्या आघातांनी होणाऱ्या विकाराच्या खुणा आढळल्या. हे मेंदू बहुधा शंका आलेल्या कुटुंबांनीच दिलेले असल्यामुळे सर्व खेळाडूंना ते प्रमाण लावता येणार नाही. पुराव्याच्या बाबतीत वकिलाने एवढी सावधगिरी बाळगावीच. पण रेषेवरच्या गड्याला जवळजवळ प्रत्येक डावात डोक्याला धक्का बसतो, ही गोष्ट कोणत्याही पुराव्यावाचून कोणासही दिसते.

यावर एक आक्षेप संभवतो. आता जग बदलले आहे, भार वाहणाऱ्यांनाही मोल मिळू लागले आहे, असे कोणी म्हणेल. ते खोटे नाही. हौशी खेळाच्या नावाखाली महाविद्यालयीन खेळाडूंच्या शैक्षणिक लाभांवर घातलेली बंधने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली एकमताने बेकायदा ठरविली. २०२५ साली मंजूर झालेल्या एका तडजोडीने तर तेथील महाविद्यालयांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची वाट मोकळी झाली. आपल्याकडे प्रो कबड्डीच्या लिलावात २०१८ साली प्रथम एक कोटीची बोली लागली ती चढाई करणाऱ्यावर नव्हे, तर कोपरा राखून पकड करणाऱ्या इराणच्या फजल अत्राचलीवर. तेव्हा बाजार आंधळा आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु किंमत आणि ऋण या दोन भिन्न वस्तू आहेत. किंमत यशस्वी ठरलेल्याला मिळते. आमच्या अशिलाचा मुलगा ज्या असंख्यांपैकी एक होता त्यांची बोली कधी लागतच नाही. आमचा प्रश्न त्यांच्यासंबंधीचा आहे.

आपल्या समाजात या प्रश्नाला एक तयार उत्तर आहे, आणि ते फार उदात्त वाटते: कर्म करावे, फळाची आशा धरू नये. गीतेचा हा उपदेश आम्हांसही शिरोधार्य आहे. पण तो कोणी कोणाला करावयाचा, याचा विचार आपण क्वचितच करतो. अर्जुन स्वतः प्रश्न घेऊन आला होता, आणि ज्याने उत्तर दिले त्याने आपल्या हाती घोड्यांचे लगाम घेतले होते. सांगणाऱ्याला त्या युद्धातून राज्य मिळवावयाचे नव्हते. आज मात्र फळ ज्याच्या पदरात पडते तोच, ते ज्याला मिळाले नाही त्याला, निष्कामतेचा पाठ देतो. फेटा बांधून घेणारा जोडीदाराला त्याग शिकवतो, संस्था कार्यकर्त्याला सेवा शिकवते, आणि आपल्या देवस्थानांच्या समित्यांत बसणारे आम्ही लोकही आचाऱ्याला आणि झाडूवाल्याला देवाच्या कामाचे महत्त्व सांगून त्याच्या मजुरीचा विषय पुढच्या सभेवर ढकलतो. निष्कामता हे स्वतः घ्यावयाचे व्रत आहे. दुसऱ्यावर लादली की तिचे नाव बदलते. तिला वेठ म्हणतात.

"पण मुलगा स्वखुशीने गेला होता," असे त्या तालमीचे म्हणणे असेल. येथे कायदा आमच्या साहाय्यास येतो. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञान मनुष्य करार करण्यास पात्र नाही, आणि त्याने केलेला करार मुळातच शून्य असतो, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहरीबीबीच्या खटल्यात निःसंदिग्धपणे सांगितले. पंधरा वर्षांच्या मुलाची सही एका म्हशीच्या सौद्यालाही चालत नाही. मग आयुष्यभराचे गुडघे देऊन टाकण्यास त्याची खुशी कशी पुरावी? आणि जो सौदा कोणत्या जागेसाठी होत आहे हेच त्याला सांगितले नव्हते, त्याची खुशी तरी कसली?

आमच्या मते या नात्याला आपल्या जुन्या धर्मशास्त्रातच एक नाव आहे. मनूने व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली त्यांत ऋणानंतर लगेच निक्षेप, म्हणजे ठेव, येते. दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेली वस्तू ज्याच्या हाती असते त्याने ती आपल्या वस्तूइतक्याच काळजीने सांभाळली पाहिजे, हे तत्त्व आजच्या करार कायद्यातही कायम आहे. मनुष्य ही वस्तू नव्हे, हे आम्ही जाणतो. पण म्हणूनच येथे जबाबदारी वाढते, घटत नाही. सोन्याची ठेव हरवली तर तिच्या मोलाइतके सोने भरून देता येते. गुडघा भरून देता येत नाही.

या ठेवीची फेड तीन प्रकारांनी होते असे आम्हांस वाटते. पहिली सत्याची: तुला कोणत्या जागेसाठी घेत आहोत हे मुलाला आणि त्याच्या घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगावे. कित्येक मुले ते ऐकूनही आनंदाने राहतील, आणि मग त्यांचे कर्म खरोखर निष्काम होईल. दुसरी शरीराची: ज्याच्या अंगावर दुसऱ्याची ताकद तयार होते त्याचे औषधपाणी आधी व्हावे. तिसरी परतीच्या वाटेची: माती सुटल्यावर तो काय करील, याची तजवीज माती अंगाला लागतानाच व्हावी. १९१२ साली पूर्ण झालेले कोल्हापूरचे खासबाग मैदान शाहू महाराजांचे. आणि त्याच्या कितीतरी आधी, १९०१ साली, त्याच नगरीत विद्यार्थी वसतिगृह निघाले तेही त्यांच्याच पुढाकाराने. आखाडा आणि पाटी या दोन्हींची आठवण त्या राजाने ठेवली.

कोल्हापूरचीच आणखी एक गोष्ट आठवते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला जाण्यास निघाले, तेव्हा खर्चास पैसे कमी पडत होते. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परंतु आमच्या दृष्टीने गोष्ट पदकापाशी संपत नाही. घर गहाण पडले तेव्हा पदक कोणाच्या स्वप्नातही नसेल. खाशाबा रिकाम्या हाताने परतले असते, तरी ते गहाणखत खर्डेकरांच्याच नावावर राहिले असते. जोखीम घडविणाऱ्याने घ्यावी आणि फळ घडणाऱ्याला मिळावे, असा तो व्यवहार होता. निष्काम कर्माचा अर्थ आम्हांस त्या गहाणखतात सापडतो.

काही दिवसांनी तो शेतकरी पुन्हा आला. दाव्यात तथ्य नाही, हे आम्ही त्याला स्पष्ट सांगितले. मग त्याच्या मूळ प्रश्नाचे उत्तर दिले: "तुमचा मुलगा तिथे ठेव होता. ज्यांच्याकडे ठेवला त्यांनी ती ओळखली नाही."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तसं असंल तर थोडी चूक माझीपण आहे. ठेव ठेवल्यावर माणूस मधनंमधनं बघून येतो."

आम्ही त्यावर काही बोललो नाही. त्याने आमची फी विचारली. ती घेण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.