बहिणीचा वाटा



आजच्या शुभवर्तमानात (लूक १२:१३-२१) गर्दीतला एक माणूस प्रभू येशूकडे भावाची तक्रार घेऊन येतो. वडिलोपार्जित मालमत्तेची वाटणी करून द्यायला माझ्या भावाला सांगा, एवढेच त्याचे मागणे आहे. प्रभू त्या दोघांमध्ये न्यायाधीश व्हायला नकार देतो आणि जमलेल्या सर्वांनाच लोभापासून सावध करतो. मग जुनी कोठारे मोडून मोठी कोठारे बांधू पाहणाऱ्या धनवानाचा दाखला सांगतो.

हे वाचन आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. त्यावर प्रवचनेही केली. या वेळी मात्र ते वाचताना एक साधा प्रश्न मनात आला आणि तो काही जाईना. या घरात बहीण होती का? असलीच, तर तिचे नाव या वादात कुठेच नाही. कारण त्या काळच्या रीतीप्रमाणे भाऊ असताना बहिणीला वाटाच नव्हता. ज्याला वाटा नाही त्याला वादही नाही. आणि जो वाद घालत नाही तो समाधानी आहे असे आपण खुशाल समजून चालतो.

हा प्रश्न मनात यायला एक निमित्त घडले. काही दिवसांपूर्वी एका घरी प्रार्थनेनंतर चहा घेत बसलो असता एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "फादर, पूर्वी बहिणी मुकाट्याने सही करायच्या. घरे सुखी होती. या स्त्रीमुक्तीवाल्या बाया आल्या आणि बहीणभाऊ कोर्टात उभे राहिले." बसलेल्या पुरुषांनी माना डोलावल्या. स्वयंपाकघराच्या दारात तीन स्त्रिया उभ्या होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. आम्हीही त्या दिवशी काही बोललो नाही. ते उत्तर आज येथे देत आहोत.

या "स्त्रीमुक्तीवाल्या बायां"पैकी एकीची हकीकत आपण ख्रिस्ती म्हणून जाणून घेतली पाहिजे. मेरी रॉय या केरळातील सिरियन ख्रिस्ती समाजातील. लेखिका अरुंधती रॉय यांच्या त्या आई. लग्न मोडले तेव्हा दोन लहान मुलांना घेऊन त्या उटी येथे वडिलांच्या घरात राहिल्या. वडील मृत्युपत्र न करता वारले होते. त्यामुळे ते घर सोडण्यासाठी माहेरच्यांनीच त्यांच्यामागे तगादा लावला. मुलीला वडिलांच्या मालमत्तेत हक्क नाही, हे कारण! पुढे त्यांनी कोट्टायम येथे शाळा काढली आणि ती नावारूपाला आणली. पण तो घाव त्या विसरल्या नाहीत.

त्यांच्या समाजावर त्रावणकोर संस्थानाचा १९१६ चा ख्रिस्ती वारसा कायदा चालत असे. त्यात मुलीला मुलाच्या वाट्याच्या एक चतुर्थांश किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल ते मिळे. जे कमी असेल ते! लग्नात स्त्रीधन दिले असेल किंवा नुसते कबूल केले असेल, तर तेवढेही नाही. विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेचा फक्त हयातीपुरता उपभोग, आणि तिने पुन्हा लग्न केले तर तोही संपला.

मेरी रॉय थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २४ फेब्रुवारी १९८६ रोजी निकाल लागला. न्यायालयाने जे सांगितले ते ध्यानात घेण्यासारखे आहे. हा जुना कायदा १ एप्रिल १९५१ पासूनच संपुष्टात आला आहे आणि त्या दिवसापासून तेथील ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदाच लागू आहे, असा तो निर्णय होता. म्हणजे जवळजवळ ३५ वर्षे एक मेलेला कायदा जिवंत मुलींवर राज्य करीत होता. आणि तो मेला आहे हे सांगायला एका बाईला दिल्लीपर्यंत जावे लागले.

निकालानंतर मोठा गदारोळ उठला. जुन्या खरेदी-विक्रीचे काय होणार, घराघरात भांडणे लागतील, अशी भीती घातली गेली. काही चर्चच्या व्यासपीठांवरूनही निकालाविरुद्ध बोलले गेले, हे सांगताना आम्हांला लाज वाटते. प्रत्यक्ष वाटा पदरात पडायला मेरी रॉय यांना पुढे अनेक वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. १ सप्टेंबर २०२२ रोजी त्या वारल्या. त्यांचा स्वभाव तापट होता असे म्हणतात. असेलही. त्यांना संत ठरवण्याचा आमचा हेतू नाही. पण त्यांनी मागितलेली गोष्ट न्याय्य होती, आणि ती एकट्या त्यांच्यापुरती राहिली नाही. केरळातील असंख्य ख्रिस्ती मुलींसाठी ते दार उघडले गेले.

अशा स्त्रिया आपल्याकडेही झाल्या. मुंबईत फ्लेव्हिया अॅग्नेस यांनी स्वतःच्या संसारात सोसलेल्या मारहाणीबद्दल उघडपणे लिहिले. पुढे त्या वकील झाल्या आणि "मजलिस" या संस्थेद्वारे पीडित स्त्रियांना कोर्टात साथ देऊ लागल्या. १८६९ च्या ख्रिस्ती घटस्फोट कायद्यात नवऱ्यासाठी एक माप आणि बायकोसाठी दुसरे, कठोर माप होते. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध करणे पुरे असे. बायकोला मात्र बहुधा व्यभिचाराबरोबर नवऱ्याची क्रूरता किंवा त्याने केलेला त्यागही सिद्ध करावा लागे. हा भेद २००१ साली दूर झाला, तो स्त्री-संघटनांनी अनेक वर्षे पाठपुरावा केल्यावर. विवाह अतूट आहे ही ख्रिस्तसभेची शिकवण आम्ही सोडलेली नाही. पण त्याच शिकवणीने नवऱ्याला आणि बायकोला दोन मापे लावायला कधी सांगितले आहे?

आता पवित्र शास्त्राकडे वळू. गणना ग्रंथाच्या २७ व्या अध्यायात पाच बहिणी भेटतात. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. त्यांचा बाप सलाफहाद रानात वारला. त्याला मुलगा नव्हता. वचनदत्त भूमीची वाटणी होणार होती आणि त्यांच्या घराचे नाव यादीतून गळणार होते. या पाच जणी दर्शनमंडपाच्या दाराशी मोशे, याजक, सरदार आणि सर्व मंडळीसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपला वाटा मागितला. एकटी नव्हे, पाचही एकत्र! आजच्या भाषेत यालाच भगिनीभाव म्हणतात. मोशेने त्यांना हाकलून दिले नाही. आपल्याला उत्तर ठाऊक नाही हे ओळखून त्याने त्यांचे म्हणणे परमेश्वरापुढे नेले. आणि परमेश्वराने निर्णय दिला तो असा की मुलींचे म्हणणे योग्य आहे, त्यांना वाटा द्या.

पुढे ३६ व्या अध्यायात कुळातील पुरुष हरकत घेतात. या मुली दुसऱ्या वंशात दिल्या तर आपली जमीन तिकडे जाईल! हे शब्द आपल्या कानांना ओळखीचे वाटतात ना? तेव्हा मुलींनी आपल्याच वंशात लग्न करावे असा तोडगा निघाला. तो आजच्या मापाने अपुरा आहे. पण त्यांचा वाटा काही परत घेतला गेला नाही. ईयोबाच्या ग्रंथाच्या शेवटी तर त्याहून पुढचे पाऊल आहे. सारे दुःख भोगून झाल्यावर ईयोब आपल्या तिन्ही मुलींना त्यांच्या भावांबरोबर वतन देतो. घरात मुलगे असतानाही देतो. ज्याने स्वतः सर्व काही गमावले होते, त्याला मुलीचा वाटा दिसला.

ख्रिस्तसभेची शिकवणही स्पष्ट आहे. लिंगावरून केलेला भेदभाव देवाच्या योजनेविरुद्ध आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालीच सांगितले. १९९५ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी जगातील स्त्रियांना पत्र लिहून, स्त्रियांवरील अन्यायात ख्रिस्तसभेच्या लेकरांचाही दोष असल्याबद्दल खेद व्यक्त केला. २०१० साली भारतातील कॅथलिक बिशपांनी स्त्री-पुरुष समानतेचे धोरणच जाहीर केले. शिकवण कमी पडलेली नाही. ती आपल्या उंबरठ्यावर येऊन थांबली आहे.

कारण आपली गोष्ट केरळच्या उलट आहे. तिथे मेलेला कायदा जिवंत माणसांवर राज्य करीत होता. आपल्याकडे जिवंत कायदा मेल्यासारखा कपाटात पडून आहे. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता वारला तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश सर्व मुलांना सारखे, असा तो कायदा आहे. मुलगा-मुलगी, लग्न झालेली-न झालेली, असा काहीही फरक त्यात नाही. पण घरोघरी काय होते? बापाची महिन्याची मिस्सा झाली नाही तोच हक्कसोडपत्राचा कागद तयार असतो. डोळ्यांतले पाणी पुसत बहीण सही करते. तिने विचारलेच, तर "तुझ्या लग्नात खर्च केला की" आणि "माहेर हवे की जमीन हवी?" अशी उत्तरे मिळतात. ज्या वाडीत केळी आणि पानवेली होत्या तेव्हा तिचा फारसा प्रश्न आला नाही. आता त्याच वाडीला गुंठ्यावर भाव आला आहे, आणि बहिणीच्या गप्प राहण्यालाही!

बंधुभगिनींनो, हे आम्ही वरून बोलत नाही. बारा वर्षांपूर्वी आमचे वडील वारले तेव्हा आमच्या घरीही असाच कागद आला. धर्मगुरू म्हणून आम्ही आमचा वाटा भावाला सोडला होता. थोरली बहीण जरा थबकली. भावाने आमच्याकडे पाहिले. आम्ही तिला म्हणालो, "सही कर, घरात शांती राहील." ती म्हणाली, "तू फादर आहेस. तू सांगतोस म्हणजे देवच सांगतो असे धरते." आणि तिने सही केली.

पुढे तिच्या घरी मोठे आजारपण आले. कर्ज काढावे लागले. तिने माहेरी एक शब्द काढला नाही. गेल्या नाताळात आम्ही तिच्याकडे गेलो आणि क्षमा मागितली. ती म्हणाली, "माफ केले रे. पण तेव्हा मला विचारले असते, तर मी कदाचित आपणहून दिलेही असते. विचारलेच नाही कुणी."

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांची न्यायाची व्याख्या आम्ही पाठ केली होती. ज्याचे जे आहे ते त्याला देण्याची अढळ इच्छा म्हणजे न्याय. परीक्षेत त्यावर आम्हांला चांगले गुण मिळाले. त्या व्याख्येचा अर्थ मात्र बहिणीच्या ओटीवर बसून कळला. जे तिचे होते ते आम्ही आधी तिच्या हातात ठेवलेच नाही, आणि तरी तिने त्याचे दान करावे अशी अपेक्षा धरली. आम्ही आमचा वाटा सोडला तो आमच्या इच्छेने. तिने सोडला तो आमच्या शब्दाने. पहिल्याला त्याग म्हणता येईल. दुसऱ्याला काय म्हणावे?

आता पुन्हा शुभवर्तमानाकडे या. प्रभूने लोभाविरुद्ध इशारा दिला, म्हणून काही जण हाच उतारा बहिणीला ऐकवतात. "लोभ धरू नकोस!" पण दाखल्यातला लोभी माणूस कोण आहे? तो काही मागत नाही. त्याच्याकडे सर्व काही आहे. त्याच्या बोलण्यात "माझे पीक, माझी कोठारे, माझा जीव" याशिवाय दुसऱ्या कोणाचे नाव नाही. आपला वाटा मागणाऱ्या बहिणीपेक्षा तिचाही वाटा आपल्याच कोठारात भरणारा भाऊ त्या धनवानाच्या अधिक जवळचा नातेवाईक आहे.

भावांची बाजूही आम्ही ऐकली आहे. कोणी वाडी राखली, कोणी म्हाताऱ्या आईबापांची शुश्रूषा केली, कोणी घराचे कर्ज फेडले. या गोष्टींना मोल आहेच, आणि वाटणी करताना ते धरलेही पाहिजे. पण ते मोल ठरवताना बहीण बैठकीत बसलेली असावी, स्वयंपाकघराच्या दारात उभी नसावी.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. घरात मृत्यू झाल्यावर महिन्याच्या मिस्सेआधी कोणीही कोणापुढे कागद ठेवू नये. कागद ठेवण्याआधी बहिणीला तिचा वाटा किती आहे ते स्पष्ट सांगावे, आणि तिला वकिलाला विचारायला वेळ द्यावा. मग तिने आनंदाने सोडला तर ते खरे दान. तिसरी गोष्ट वडीलधाऱ्यांसाठी. मृत्युपत्र करणार असाल तर मुलीचे नाव विसरू नका. स्नानसंस्काराच्या वेळी मुलाच्या कपाळावर क्रूस काढला तसाच तिच्याही कपाळावर काढला होता.

ज्या भगिनीला या विषयावर बोलायचे असेल तिने निःसंकोच आमच्याकडे यावे. या वेळी आम्ही आधी ऐकू.

आजच्या मिस्सेत आपण हक्कासाठी झटणाऱ्या सर्व स्त्रियांसाठी प्रार्थना करू या. त्या हयात असोत की दिवंगत, आपल्या धर्माच्या असोत की नसोत. घरे त्यांनी मोडली असे आपण म्हणत आलो. घराला गेलेला तडा त्यांनी फक्त बोट ठेवून दाखवला. तो सांधायचे काम आपले आहे.

हे प्रभो, जे आमचे नाही ते सोडण्याचे बळ आम्हांला दे. आणि जे आमच्या बहिणीचे आहे, ते तिने मागण्याआधी तिच्या हातात ठेवण्याची बुद्धी दे. आमेन.

आपले धर्मगुरू