मुदत संपल्यावर

फैजपूरचे काँग्रेस अधिवेशन डिसेंबर १९३६चे. खेड्यात भरलेले हे पहिले अधिवेशन, हे खानदेशात कुणाला सांगावे लागत नाही. नंदलाल बोसांनी बांबू आणि तट्ट्यांतून उभे केलेले टिळकनगर, धनाजी नाना चौधरी आणि साने गुरुजींनी गावोगाव फिरून जोडलेली माणसे, बैलांनी ओढलेला अध्यक्ष नेहरूंचा रथ, या आठवणी आपण अजून कौतुकाने सांगतो. पण तिथे मंजूर काय झाले, असे विचारले की बहुतेक जण गप्प होतात. त्या मांडवात ब्रिटिशांचा १९३५चा भारत सरकार कायदा फेटाळला गेला आणि सर्व प्रौढांच्या मतांनी निवडलेल्या घटना समितीची मागणी पुन्हा ठामपणे मांडली गेली. तिथेच शेतीचा कार्यक्रमही ठरला: सारा आणि खंड कमी करा, कर्जाची वसुली थांबवा, शेतमजुराला पोटापुरती मजुरी द्या. राज्यघटना आणि सावकाराचे कर्ज हे दोन विषय एकाच मांडवात आले, याला मी फार मोठी गोष्ट मानतो. फिलाडेल्फियाचा इतिहास वाचेपर्यंत मलाही तिचे मोल कळले नव्हते.

फिलाडेल्फियात अमेरिकेची घटना जन्मली, तिच्यामागेही कर्जबाजारी शेतकरी होता. स्वातंत्र्ययुद्ध लढून घरी परतलेल्या मॅसॅच्युसेट्सच्या शेतकऱ्यांकडे कर आणि कर्ज रोख नाण्यात मागितले जाऊ लागले. नाणे कुणाजवळच नव्हते. १७८६ मध्ये डॅनियल शेजसारख्यांच्या मागे शेकडो माणसे जमली आणि त्यांनी कोर्टेच बंद पाडली. कोर्ट बसले नाही तर जप्तीचा हुकूम निघत नाही, इतका साधा त्यांचा हिशेब होता. आपल्या सावदा, फैजपूर, एरंडोल भागात १८५२ मध्ये जमीनमोजणीविरुद्ध शेतकरी उठले आणि लष्कर आणावे लागले, तो संताप याच जातीचा. मॅसॅच्युसेट्सच्या उठावाने तिकडची मातब्बर मंडळी हादरली. तेरा राज्यांची ढिली मोट अशीच राहिली तर मालमत्ता राहणार नाही, या भीतीने अनेकांची पावले फिलाडेल्फियाकडे वळली.

२५ मे ते १७ सप्टेंबर १७८७, ऐन उन्हाळ्यात, ५५ प्रतिनिधी तिथे बसले. ऱ्होड आयलंडने माणूसच पाठवला नाही. दारावर पहारा होता आणि आतले अक्षरही बाहेर जाऊ द्यायचे नव्हते. जॉर्जियाच्या विल्यम पियर्सने एक प्रसंग लिहून ठेवला आहे. एका प्रतिनिधीच्या हातून ठरावांची प्रत खाली पडली. ती अध्यक्ष वॉशिंग्टन यांच्याकडे गेली. दिवसाचे काम संपल्यावर ते उठले, सगळ्यांना कडक शब्दांत समज दिली, कागद टेबलावर टाकला, ज्याचा असेल त्याने न्यावा म्हणाले आणि निघून गेले. पियर्सने खिसा चाचपला, आपली प्रत नाही हे पाहून त्याच्या पोटात गोळा आला. जवळ जाऊन पाहिले तर अक्षर दुसऱ्याचे. त्याची स्वतःची प्रत मुक्कामावर दुसऱ्या कोटात सापडली. टेबलावरचा कागद मात्र शेवटपर्यंत कुणीही उचलला नाही.

दार बंद होते म्हणून माणसे मोकळेपणी बोलली, आपले मत बदलू शकली, हे खरे आहे. पण दाराबाहेर कोण राहिले? कर्जात बुडालेला शेतकरी, सगळ्या स्त्रिया, मूळचे आदिवासी आणि गुलाम. गुलाम माणूस प्रतिनिधित्वाच्या मोजणीत तीन पंचमांश धरला गेला, आणि तोही मालकाच्या राज्याचे बळ वाढवण्यासाठी. राज्यांनी कागदी चलन काढू नये, करार मोडणारे कायदे करू नयेत, असे कलमही आले. म्हणजे कर्जमाफीची वाट घटनेतच अडवली गेली. फैजपूरच्या मांडवात ज्याचे गाऱ्हाणे ठरावात आले, त्याच्याच भीतीने फिलाडेल्फियात कलमे लिहिली गेली. घटना करण्याचा अधिकार कुणाचा, या प्रश्नाचे उत्तर फैजपूरने अधिक न्याय्य दिले, असे माझे मत आहे.

तरीही त्या बंद खोलीतून एक गोष्ट घेण्यासारखी आहे आणि ती आपण पुरती घेतलेली नाही. सत्ता हातात आलेल्या कुणावरही त्या माणसांचा विश्वास नव्हता, स्वतःवरही नव्हता. म्हणून त्यांनी सत्तेला मुदत घातली आणि ती वाढवण्याची सोय कुणाच्याच हाती ठेवली नाही. प्रतिनिधिगृह दोन वर्षांचे म्हणजे दोनच वर्षांचे. १८६४ मध्ये यादवी युद्ध ऐन भरात होते, लिंकन हरतील अशी चिन्हे काही काळ दिसत होती, तरी निवडणूक ठरल्या वेळी झाली. आपल्याकडे आणीबाणीत, १९७६ मध्ये, लोकसभेने स्वतःचीच मुदत वाढवून घेतली होती.

फैजपूरची मागणी अर्धीच पुरी झाली. १९४६ची संविधान सभा प्रौढ मतदानाने निवडलेली नव्हती. प्रांतांच्या आमदारांनी ती निवडली, आणि ते आमदार मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींत बसणाऱ्या मोजक्या मतदारांनी निवडले होते. पण या सभेने आपले काम लोकांसमोर केले, मसुदा छापून देशापुढे ठेवला आणि पहिल्याच फटक्यात प्रत्येक प्रौढाला मत दिले. मजुरीचे वचन मात्र मार्गदर्शक तत्त्वांत गेले, जिथून ते कोर्टात मागता येत नाही. ग्रामपंचायतही तिथेच, कलम ४० मध्ये. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८च्या भाषणात खेड्याच्या गोडव्यांचा कठोर समाचार घेतला होता. लळिंगच्या लांडोर बंगल्यात त्यांचा मुक्काम झाला होता म्हणून दर वर्षी ३१ जुलैला तिथे जमणाऱ्या माणसांना त्या कठोरपणाचे कारण विचारावे लागत नाही. गावाच्या हाती सत्ता म्हणजे गावातल्या बलवानाच्या हाती सत्ता, ही भीती खरी होती. आरक्षणासह आलेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने १९९३ मध्ये तिला निदान काही उत्तर दिले.

याच दुरुस्तीत कलम २४३-ई आहे. पंचायतीची मुदत पाच वर्षे, त्याहून जास्त नाही, आणि मुदत संपण्याआधी नवी निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे, असे ते सांगते. जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. मुख्य कार्यकारी अधिकारी प्रशासक झाले आणि तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूक झाली नाही. ओबीसी आरक्षण आणि गटरचना यांचे वाद कोर्टात होते. आरक्षणाचा प्रश्न खरा आहे, तो सुटायलाच हवा. पण तो सुटेपर्यंत मत थांबवायचे, हे कोणत्या न्यायाने? धुळ्यात २०२१ मध्ये कोर्टाच्या निकालाने ओबीसी सदस्यांच्या जागा रिकाम्या झाल्या, तेव्हा त्याच वर्षी ऑक्टोबरात पोटनिवडणूक घेता आली होती. आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधीच्या आरक्षणानुसार निवडणुका घ्या असा अंतरिम आदेश दिला. ही वाट तीन वर्षे आधीही काढता आली असती.

गटातला सदस्य कशाला लागतो, हे वादळात शाळेचे पत्रे उडालेल्या गावाला विचारावे. सदस्याच्या ओट्यावर सकाळी जाऊन बसता येते, चार शब्द सुनावता येतात, पुढच्या वेळी पाडूही म्हणता येते. प्रशासकाकडे अर्ज द्यायचा आणि आवक क्रमांक घेऊन परतायचे. अधिकारी कितीही कामसू असला तरी त्याला पाडण्याचा हक्क गावाकडे नाही.

कलम आहे, पण ते मोडले तर काय, याचे उत्तर त्यात नाही. मुदत संपण्याच्या ठरावीक दिवस आधी शेवटची मंजूर गटरचना आणि आरक्षण आपोआप लागू व्हावे आणि राज्य निवडणूक आयोगाला सरकारकडे न पाहता तारीख जाहीर करता यावी, अशी दुरुस्ती झाली पाहिजे. यावलपासून शिरपूरपर्यंत आमदारकी-खासदारकीची मते मागायला जो कुणी दारात येईल, त्याला आत बसवा, पाणी द्या आणि या दुरुस्तीला त्याचा पाठिंबा आहे का, ते चार माणसांसमोर विचारा.