जिज्ञासेचे मोल

मुलाने वा मुलीने विद्यापीठात विज्ञान शिकण्याची इच्छा व्यक्त केली, की 'त्यातून पुढे काय मिळणार?' हा प्रश्न आपल्या घराघरांतून विचारला जातो. पोटापाण्याची चिंता वाहणाऱ्या आईवडिलांना आम्ही दोष देत नाही. परंतु ज्ञानाचे मोल केवळ मिळकतीवरून ठरवावे काय?

ब्रनो येथील ऑगस्टिनियन मठातील धर्मगुरू ग्रेगर मेंडेल १८५० साली शिक्षकाच्या परीक्षेत अनुत्तीर्ण झाले. मठाधिपती नाप ह्यांनी १८५१ साली त्यांना व्हिएन्ना विद्यापीठात धाडले. पदार्थविज्ञान, गणित व वनस्पतिशास्त्र ह्यांच्या अध्ययनाने तेथे त्यांच्या जिज्ञासेला शिस्त लाभली. पुढे १८५६ ते १८६३ ह्या काळात त्यांनी मठाच्या बागेत वाटाण्याची सहस्रावधी रोपे वाढविली, दाणे मोजले आणि १८६६ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आनुवंशिकतेच्या त्या नियमांचे मोल जगाला कळले ते १९०० साली, त्यांच्या निधनानंतर १६ वर्षांनी. हयातीत ह्या श्रमांनी त्यांना ना धन दिले, ना कीर्ती.

शेजाऱ्याच्या घरात डोकावते ती चौकशी; सृष्टीचे गूढ शोधते ती जिज्ञासा. आपली कल्पना वस्तुस्थितीच्या कसोटीवर घासून पाहणे आणि ती खोटी ठरल्यास सोडून देणे, हे विज्ञानाचे अध्ययन शिकविते. सत्यापुढील ही नम्रता श्रद्धेला परकी नाही. सत्य आणि सृष्टी ह्या दोहोंचा उगम परमेश्वरच आहे.

म्हणून 'काय मिळणार?' ह्याआधी आपण मुलांना विचारू या, 'तुला काय जाणून घ्यायचे आहे?'