घर्षण आणि स्वातंत्र्य

स्वीडनमध्ये १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात रस्ता हिमाच्छादित वा निसरडा असल्यास वेगवान स्पोर्ट्स कारलाही हिवाळी टायर बंधनकारक असतात, कारण सुमारे ७ अंश सेल्सिअसखाली उन्हाळी टायरचे रबर कडक होऊ लागते, तर हिवाळी टायरचे रबर मऊ राहून त्यावरील बारीक चिरा बर्फाला धरून ठेवतात. अडथळा आधारही ठरतो: तत्त्वज्ञ कांट यांनी १७८१ च्या ग्रंथात दिलेल्या दृष्टान्तातील कबुतराला निर्वात पोकळीत उडणे अधिक सोपे वाटते, परंतु अडवणारी हवाच त्याला तोलून धरते. घर्षण, म्हणजे दोन पृष्ठभागांमधील गतिरोध, याच न्यायाने गतीचा आधार ठरतो. माणसाच्या वागण्यातील असाच रोध म्हणजे संयम; म्हणून तो शक्तीचे दमन नसून, तिला दिशा देणारी आणि इतरांच्या जीविताचा आदर राखणारी स्वातंत्र्याची पूर्वअट होय.