ज्याची गाडी, त्याला ती उघडता यावी

जुनी मोटारसायकल चांगली की नवी, हा वाद गाडीवेड्यांच्या बैठकीत हमखास रंगतो. एका बाजूला आवाज, लोखंड, डौल. दुसऱ्या बाजूला ॲव्हरेज, पिकअप, ब्रेक. दोन्ही बाजू खरे बोलतात. मला मात्र यातला महत्त्वाचा प्रश्न वेगळा वाटतो. गाडीचे ज्ञान कोणाकडे राहते? चालवणाऱ्याकडे, गल्लीतल्या मेकॅनिककडे, की फक्त कंपनीकडे?

बुलेटचेच पाहा. १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया उभी राहिली आणि रेडिचच्या इंग्लिश कंपनीची ३५० सीसी बुलेट आपल्याकडे तयार होऊ लागली. मूळ कंपनी पुढे बंद पडली, पण त्या बांधणीचे कास्ट आयर्न इंजिन इथे एकविसाव्या शतकातही काही वर्षे बनत राहिले. ही गाडी चालू करणे हेच एक शिक्षण असते. चावी फिरवून किक सावकाश दाबत न्यायची. पिस्टन दाबावर आला की पाय अडतो आणि ॲमीटरचा काटा मध्यावर येतो. मग डाव्या हाताशी असलेला डीकॉम्प्रेशनचा खटका ओढून पिस्टन जरासा पुढे सरकवायचा, खटका सोडायचा, किक पूर्ण वर येऊ द्यायची आणि एका दमात खाली न्यायची. टायमिंग बिघडलेले असेल तर किक उलटी बसते आणि पाऊल झणाणते. काही महिन्यांत पिस्टन कुठे उभा आहे हे पायाला कळू लागते. गाडी मिसिंग करू लागली की मालक आधी प्लग काढून त्याचा रंग पाहतो. मग पॉइंट उघडून काळे पडलेत का ते तपासतो, पॉलिश पेपरने घासतो आणि जेमतेम ०.४ मिलिमीटरची फट पुन्हा लावतो. यातले काहीही गुप्त नाही. पाना हातात घेणाऱ्या कोणालाही ते शिकता येते.

पण या प्रेमापोटी जुन्या गाड्यांचे दोष झाकणे मला मान्य नाही. १९८५ साली आलेल्या आरएक्स १०० वर एक अख्खी पिढी भाळली. ती गाडी टू-स्ट्रोक. तिच्या सिलिंडरमध्ये ताजे मिश्रण शिरत असताना धूर जाण्याची वाटही उघडीच असते. त्यामुळे काही पेट्रोल न जळताच सायलेन्सरवाटे बाहेर पडते आणि सोबत ऑइलही जळते. तो निळसर धूर मागून चालणाऱ्याच्या छातीत जातो. ब्रेकचेही तसेच. पावसात घाट उतरताना समोर अचानक ट्रक थांबला आणि घाबरून ब्रेक दाबला, तर जुन्या ड्रम ब्रेकच्या गाडीचे चाक जाम होऊन गाडी घसरू शकते. नव्या गाड्यांतली एबीएस ही ब्रेकयंत्रणा चाकाचा वेग सतत मोजते, चाक जाम होऊ लागताच ब्रेक क्षणभर सैल करते आणि पुन्हा धरते. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना ती सक्तीची झाली. रोज कामावर जाणाऱ्या मुलामुलींनी नवीच गाडी घ्यावी, हे माझे ठाम मत आहे.

मग नव्या गाडीत हरवते काय? एप्रिल २०२० मध्ये धुरावरचे बीएस-६ नियम आले आणि बहुतेक मोटारसायकलींचा कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. आता हवेचा दाब, इंजिनची उष्णता, धुरातला ऑक्सिजन सेन्सर मोजतात आणि पेट्रोल किती सोडायचे ते ईसीयू हा गाडीतला छोटा संगणक ठरवतो. धूर कमी होतो, थंडीत चोक ओढावा लागत नाही. पण मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा लागला की ज्या मेकॅनिकने आयुष्यभर नुसत्या आवाजावरून इंजिन ओळखले, तोही म्हणतो, “साहेब, याला स्कॅनर लावावा लागेल, शोरूमला न्या.” त्याची बुद्धी कमी पडलेली नसते. योग्य स्कॅनर आणि कोडची माहिती त्याच्यापर्यंत पोहोचलेली नसते.

याचा दोष तंत्रज्ञानाला देऊ नये. ईसीयू नोंदवतो तो बिघाडाचा कोड खरे तर कानापेक्षा नेमकी दिशा दाखवतो. कोडची यादी, वर्कशॉप मॅन्युअल, स्कॅनर आणि सुटे भाग रास्त दरात मिळाले, तर कालचा कार्बोरेटरवाला उद्या इंजेक्शनही शिकेल. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले, त्यात वाहनक्षेत्रही आहे. हे पाऊल चांगले आहे. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. माहिती आणि सुटे भाग देणे कंपन्यांना बंधनकारक झाले पाहिजे.

जुनी बुलेट किंवा येझदी जपणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. नुसते क्रोम चकाकवू नका; शेजारच्या पोरांना बोलावून इंजिन उघडून दाखवा. आणि नवी गाडी घेणाऱ्यांनी किंमत, रंग, ॲव्हरेज विचारून झाले की शोरूममध्ये आणखी एक प्रश्न विचारावा: “ही बिघडली तर आमच्या गावातल्या मेकॅनिकला दुरुस्त करता येईल का?” हा प्रश्न पुरेशा गिऱ्हाइकांनी विचारला, तर कंपन्यांना उत्तर द्यावेच लागेल.